चौथी फेरी

बाजारपेठेत त्यांना सगळे काटेसाहेब म्हणत. आडनाव वेगळं होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासायचे, बरोबर निघेल त्याला शिक्का मारायचा आणि खोटा निघेल त्याला सील ठोकायचं, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं होतं. पितळी वजनांची लाकडी पेटी काखेला लावून ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की भल्याभल्या दुकानदारांची बोबडी वळायची.

तपासायची त्यांची एक ठरलेली रीत होती. दहा किलोचा काटा दहा किलोवर तपासून सोडायचा नाही, वर थोडं जादा टाकायचं. "आपल्या मापात सगळेच शहाणे असतात," ते म्हणत, "खोड कळते ती जादा वजनावर." ही सवय इतकी अंगात मुरली होती की चहात साखर घालतानासुद्धा ते दोन चमचे घालून वर चिमूटभर सोडत.

घरी बायको आणि मुलगी. मुलीला लहानपणापासून चिमणी म्हणत, आणि चिमणी एकवीस वर्षांची झाली तेव्हा तिचा उजवा ठोसा बसला की समोरची पोरगी दोन पावलं मागे जात होती. बॉक्सिंगमध्ये तिचं नाव होऊ लागलं होतं. सामने बाहेरगावी असत, दुपारी, आणि खेळाच्या एका वाहिनीवर दाखवत.

चिमणीची आई सामना थेट कधीच बघत नसे. बघवतच नसे तिला. सामना लागला की ती दार ओढून घ्यायची आणि बाहेर जिन्यात, तिसऱ्या पायरीवर, दाराकडे पाठ करून बसायची. लेकीचा फोन आला की मगच उठायची. पण बघायचं तर असायचंच! म्हणून चिमणी घरी परतली की दुसऱ्या दिवशी दोघी सोफ्यावर बसत, आई लेकीचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरी आणि मग काटेसाहेब रेकॉर्ड केलेला सामना लावत. पडद्यावरच्या चिमणीला ठोसा बसला की आई शेजारच्या चिमणीचा गाल चाचपून बघे.

"अगं आई, कालचं आहे हे."

"असू दे. बघू दे मला."

ही त्या घरची रीत होती, आणि सगळी भिस्त रेकॉर्डिंगवर. पूर्वी एक यंत्र होतं, ते मोडलं. मग काटेसाहेबांनी घरच्या कॉम्प्युटरला टीव्हीची केबल जोडायची काडेपेटीएवढी डबी आणली आणि स्वतःच्या मागे नसतं शुक्लकाष्ठ लावून घेतलं. डबीबरोबर आलेलं सॉफ्टवेअर आवाज घ्यायचं पण चित्र नाही. दुसरं चित्र घ्यायचं, पण ओठ आधी हलायचे आणि शब्द मागाहून यायचे. तिसऱ्याने ऐन चेहऱ्यांवर 'आता विकत घ्या' अशी पाटी फिरवली. चौथ्याने शेजारच्या वाहिनीवरचा बागकामाचा कार्यक्रम इमानेइतबारे दोन तास टिपून ठेवला.

पाचवं बरं वाटलं, आणि त्यानेच घात केला. दुसऱ्या फेरीत चिमणीच्या हनुवटीवर ठोसा बसला, ती खाली गेली, पंचाने आकडे मोजायला सुरुवात केली आणि चित्र तिथेच संपलं.

"पुढे काय झालं?" आईने विचारलं.

"पुढे मी उठले. बघ ना, ही काय बसलेय!"

"पण पडद्यावर उठली नाहीस तू."

चिमणी हसली. आई हसली नाही. दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. येता-जाता ती लेकीच्या खोलीत डोकावून जाई, लेक आहे ना ते बघायला. तिसऱ्या दिवशी काटेसाहेब उठले आणि जुन्या बाजारामागच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले.

दुकान अरुंद होतं. भिंतीला फळ्या, फळ्यांवर उघडी पडलेली यंत्रं, तापलेल्या डिंकासारखा वास. दुरुस्तीवाला साठीचा, कोरडा माणूस होता. त्याच्या पाठीमागे एक पडदा चालू होता, पण त्यावर टॉवेल टाकलेला. टॉवेलच्या कडेने उजेड हलताना दिसायचा.

काटेसाहेबांनी सगळी रडकथा सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि खणातून एक डिस्क काढली. डिस्कवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"हे जुनं आहे. पण सोडत नाही."

"म्हणजे चुकत नाही?"

"सोडत नाही," तो पुन्हा म्हणाला. "दोन गोष्टी मात्र पाळा. वेळ संपल्यावर जादा मिनिटं ठेवायची सोय आहे त्यात, ती शून्यावर ठेवा. आणि सुरू केलं की पूर्ण होऊ द्या. मध्येच तोडू नका."

"मध्येच तोडलं तर?"

"फाइल अर्धवट राहते."

त्याने टॉवेल जरा खाली ओढून सारखा केला. काटेसाहेब डिस्क घेऊन निघाले. जादा मिनिटं शून्यावर! हसू आलं त्यांना. सामने कधी वेळेवर संपतात का? सव्वीस वर्षं जादा टाकून बघणाऱ्या माणसाला हा सांगतोय. घरी येऊन त्यांनी सॉफ्टवेअर घातलं आणि शेवटी पाच मिनिटं जादा ठेवली.

पुढचा सामना चिमणीने जिंकला. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. समोरची निळ्या कपड्यांतली पोरगी चपळ होती, पण चिमणीने तिला तिसऱ्या फेरीत दमवलं. संध्याकाळी कामावरून आल्यावर काटेसाहेबांनी रेकॉर्डिंग आधी एकट्याने तपासलं. पाचव्या सॉफ्टवेअरच्या प्रतापानंतर ते तपासल्याशिवाय काही दाखवायचे नाहीत.

चित्र स्वच्छ, आवाज जागच्या जागी. तिसरी घंटा झाली, दोघींनी एकमेकींना मिठी मारली, चिमणीचा हात वर गेला. आता जाहिराती लागणार म्हणून काटेसाहेबांनी बोट बटणावर नेलं. जाहिराती लागल्या नाहीत.

पडद्यावर रिंगच होती. दोघी आपापल्या कोपऱ्यात बसल्या होत्या. चिमणीच्या भुवईवर तिसऱ्या फेरीत बसलेली खोक होती, तिच्यावर चिकटपट्टीही होती. म्हणजे आधीच्या कुठल्या सामन्याचा तुकडा नव्हता हा. कॉमेंट्री थांबली होती. खुर्च्या रिकाम्या होत्या. रिंगमध्ये पंच नव्हता.

घंटा वाजली आणि दोघी उठल्या.

ही फेरी वेगळी होती. यात कोणी गुण मिळवत नव्हतं. चिमणीने तिला दोरांना टेकवलं आणि बरगड्यांवर मारायला लागली, एकाच जागी, खिळा ठोकावा तशी. आवाज फक्त ग्लोव्ह्जचा आणि श्वासांचा. निळी वाकली तरी चिमणी थांबली नाही. एकदा लाकूड मोडल्यासारखा बारीक आवाज आला. मग घंटा झाली आणि फाइल संपली.

 आपल्या पोरीचा असा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. तो चेहरा रागावलेला असता तरी चाललं असतं, पण त्याच्यावर काहीच नव्हतं. त्यांनी शेवटची पाच मिनिटं कापून टाकली आणि दुसऱ्या दिवशी मायलेकींना उरलेला सामना दाखवला. आईने गाल चाचपला, भुवईवरून हात फिरवला, खूश झाली.

सामना संपता संपता चिमणीला कोच सरांचा फोन आला. ती बोलून परत आली.

"ती निळी मुलगी दवाखान्यात आहे, बाबा. काल सामन्यानंतर बरी होती, माझ्याबरोबर फोटो काढला तिने. आणि बसमध्ये एकदम कोसळली. तीन बरगड्या मोडल्यात, एक फुप्फुसात घुसली."

"लागतं कधी कधी," काटेसाहेब म्हणाले.

"पण मी बरगडीत मारलंच नव्हतं. तुम्ही आत्ताच बघितलंत ना?"

काटेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. पुसलेलाच चष्मा परत पुसला.

दुसरा एखादा असता तर त्याने डिस्क उचलून नाल्यात फेकली असती. काटेसाहेब पडले तपासणीस. एकदा चुकलं तर अपघात, दोनदा चुकलं तर बिघाड आणि तिसऱ्यांदा चुकलं तर तो त्या काट्याचा स्वभाव, हे त्यांचंच वाक्य होतं. तेव्हा तपासणं आलं. चिमणीचा सामना त्यासाठी वापरायचा नाही, एवढं भान त्यांना होतं. परकी माणसं वापरली तर चालतील, असं वाटलं. तेव्हा ते वाटलं, आणि पुढे त्यांना स्वतःची लाज वाटायची ती याच गोष्टीची.

बुधवारी दुपारी दोन अनोळखी पुरुषांचा सामना होता. एक टकलू, एक मानेवर गोंदलेला. काटेसाहेबांनी सुट्टी टाकली आणि जादा वेळ दहा मिनिटं ठेवला. समोर टीव्ही, शेजारी कॉम्प्युटर, दोन्ही चालू. सामना संपेपर्यंत दोन्हीकडे सारखंच होतं. टकलू जिंकला. मग टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली आणि कॉम्प्युटरवर दोघं आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसले.

दोन फेऱ्या झाल्या. पहिलीत गोंदलेल्याने टकलूचा कान फाडला. दातांचं रबर रक्तासकट बाहेर पडलं आणि दोघांच्या बुटांखाली घरंगळत राहिलं. दुसऱ्या फेरीत टकलू लढतच नव्हता. तो दोर चाचपत होता, बाहेर पडायला फट शोधत होता, आणि त्याला ती सापडत नव्हती. गोंदलेला त्याच्या मागे मागे फिरून डोक्यावर मारत होता. टकलू गुडघ्यांवर आला, तरी मारत होता. टीव्हीवर एक बाई पांढरा शर्ट झटकून दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात खेळाच्या पानावर चार ओळी होत्या. विजेता हॉटेलच्या न्हाणीघरात मृतावस्थेत सापडला, डोक्याला अनेक जखमा, दाराला आतून कडी. पोलीस तपास करत आहेत. काटेसाहेबांनी पेपराची घडी घातली, परत उघडून वाचलं आणि परत घडी घातली. 

त्यांनी सॉफ्टवेअर काढून टाकलं. पण पुढच्या रविवारी चिमणीची उपांत्य फेरी होती आणि मंगळवारी लावून बघितलेलं सातवं सॉफ्टवेअर दर दहा मिनिटांनी गोठत होतं.

"ते आधीचं चांगलं होतं की," बायको म्हणाली. "ते का काढलंत?"

"त्यात जरा दोष आहे."

"काय दोष? अहो, मला अर्धवट दाखवू नका हं परत. मागच्या वेळी माझा जीव जायची पाळी आली होती."

काय सांगणार तिला? दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं, जादा वेळ शून्य. आपणच ऐकलं नव्हतं. त्यांनी डिस्क परत घातली, शून्य ठेवलं, तीनतीनदा तपासलं. उपांत्य सामना तिसऱ्या घंटेनंतर, चिमणीचा हात वर असतानाच, मुकाट्याने संपला. हरलेल्या मुलीची त्यांनी आठवडाभर चौकशी केली. ठणठणीत होती. काटा मापात ठेवला तर खरं बोलतो, एवढंच, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि आठवड्यात पहिल्यांदा नीट झोपले.

अंतिम सामना त्यापुढच्या रविवारी होता. वाहिनीने वेळ दिली होती तीन ते पावणेचार. समोर लाल कपड्यांतली, चिमणीपेक्षा वीतभर उंच पोरगी होती. तिने आधीचे सगळे सामने पहिल्याच फेरीत संपवले होते. पावणेतीनला चिमणीची आई उठली, ओढणीने तोंड पुसलं आणि जिन्यात जाऊन बसली.

आधीच्या दोन सामन्यांनी वेळ खाल्ला. तीन वीस झाले, तीन तीस झाले. काटेसाहेब खुर्चीच्या कडेवर आले. तीन अडतीसला मुली रिंगमध्ये उतरल्या. तीन चाळीसला पहिली घंटा. आणि रेकॉर्डिंग पावणेचारला थांबणार होतं, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीलाच. परत अर्धवट. आणि या सॉफ्टवेअरमध्ये अर्धवट राहिलं तर काय होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. दुरुस्तीवाल्याने टॉवेल ओढला होता तेवढंच आठवत होतं.

पहिली फेरी संपली होती, मिनिटभर हातात होतं. त्यांनी जादा वेळाचा चौकोन उघडला. सहा मिनिटं पुरली असती. पण हात सव्वीस वर्षांच्या सवयीचा. कमी पडायला नको म्हणून त्याने तीस मिनिटं टाकली आणि बटण दाबून मोकळा झाला.

दाबल्यावर त्यांना कळलं. परत शून्य करायला गेले तर चौकोन करडा झाला होता, उघडेना.

तीन एक्कावन्नला तिसरी घंटा झाली. चिमणीने सामना ओढून काढला होता. टीव्हीवर पंचाने तिचा हात वर केला, ती उड्या मारू लागली, कोच सरांनी तिला खांद्यावर घेतलं.

कॉम्प्युटरवर ती कोपऱ्यात बसली होती. एकटी.

काटेसाहेबांनी हिशेब केला. सव्वाचारपर्यंत चोवीस मिनिटं, मिनिटभर विश्रांती आणि तीन मिनिटं मार, म्हणजे सहा फेऱ्या. टकलूला दोन पुरल्या होत्या.

घंटा वाजली.

लाल मुलगी सावकाश आली. तिला घाई नव्हती. पहिला ठोसा चिमणीच्या नाकावर बसला आणि नाक एका बाजूला गेलं. दुसरा तिथेच. चिमणीने हात वर घेतले तर पोटात बसला. ती वाकली तर मानेवर बसला. टीव्हीवर तिच्या गळ्यात पदक घालत होते.

"ऊठ," काटेसाहेब पडद्याला म्हणाले. "चिमणे, हात वर घे. हात वर!"

चिमणीने एक ठोसा मारला. लाल मुलीचं डोकं मागे गेलं, परत आलं. मग तिने चिमणीला दोरात अडकवलं.

बाहेर जिन्यात फोन वाजला.

"जिंकली!" चिमणीची आई ओरडली. "अहो, जिंकली! ऐकलंत का? आपली चिमणी जिंकली!"

दार उघडायचा आवाज झाला. पडद्यावर चिमणीचा एक डोळा बंद झाला होता. ती तोंडाने श्वास घेत होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर रक्ताचा फुगा येत होता. अजून पाच फेऱ्या.

काटेसाहेबांनी भिंतीतला प्लग उपटला.

पडदा काळा झाला. बायको आत आली तेव्हा ते प्लग हातात घेऊन जमिनीवर बसले होते. तिला वाटलं आनंदाने पाय गळले. तीही शेजारी बसली आणि रडली.

चिमणी सोमवारी दुपारी आली. स्वतःच्या पायांनी जिना चढली. नाक सरळ होतं. गळ्यात पदक होतं. आईने दारातच तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि मग तिचे हात थांबले.

"अगं, मुठी का आवळल्यास?"

चिमणीने आपल्या हातांकडे बघितलं. दोन्ही मुठी हनुवटीशी होत्या.

"कालपासून खाली येत नाहीत," ती म्हणाली. "बाबा, एक विचारू? घंटा झाली का हो?"

"झाली ना. तिसरी घंटा झाली, तू जिंकलीस."

"ती नाही." तिने मान वळवून दाराकडे, मग खिडकीकडे बघितलं. "तिच्या पुढची."

बोलता बोलता तिचं डोकं एका बाजूला झटक्यात गेलं. खोलीत कोणी नव्हतं. गालावर हळूहळू लाल डाग उमटला, आणि आईच्या डोळ्यांसमोर तो निळा झाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढले, रक्त तपासलं. मग आईला बाहेर बसवून काटेसाहेबांकडे बघत विचारलं, "घरात कोणी हात उगारतं का हिच्यावर?" झोपेचं इंजेक्शन दिलं तेव्हा चिमणीचे हात खाली आले, आणि पाच मिनिटांत तिच्या दोन बरगड्या मोडल्या. मग इंजेक्शन नको म्हणून ते तिला घरी घेऊन आले.

काटेसाहेब दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पाना खाली ठेवला.

"तोडलंत?"

"मारून टाकलं असतं तिला. परत सुरू करता येईल? निदान घंटेपर्यंत?"

"नाही येत." तो पाठीमागच्या टॉवेलकडे बघत नव्हता. "मी अकरा वर्षं बघतोय. फेऱ्या चालतात, तेवढंच. मध्ये मिनिटभर मिळतं, त्यात पाणी पाजा."

घरी येऊन काटेसाहेबांनी बायकोला सगळं सांगितलं. मग त्यांनी सगळ्यांत मोठं पितळी वजन काढलं आणि पोलादी ताटावर आपटून घंटा केली. पाच वेळा, दहा वेळा. चिमणीने नम्रपणे ऐकून घेतलं. मुठी हलल्या नाहीत.

पण दुरुस्तीवाल्याचं खरं होतं. घड्याळ लावून बघितलं तर तीन मिनिटं ती लढायची, आणि मग एक मिनिट खुर्चीत मागे रेलून तोंड उघडायची. झोप काढायची तर त्याच मिनिटात. आई तेवढ्यात नळीने पाणी पाजायची, चेहरा पुसायची, भुवईला बर्फ लावायची. मग चिमणी सरळ बसायची. जिने आयुष्यात एकही सामना थेट बघितला नव्हता ती आता समोर स्टूल घेऊन बसून होती, आणि पापणी लवू देत नव्हती. कधी तीन मिनिटांत एकच ठोसा बसायचा, कधी वीस. पलीकडचीही दमली असावी. बुधवारी दुपारी काटेसाहेबांनी मनात हिशेब केला. फेऱ्या हजाराच्या वर गेल्या होत्या.

तेव्हाच फोन वाजला. चिमणीच्या आईने घेतला. पलीकडे एक बाई होती, आवाज बसलेला.

"कोच सरांकडून नंबर घेतला," ती म्हणाली. "तुमच्या मुलीबरोबर फायनलला होती ना, तिची आई मी. ताई, एक विचारायचं होतं. वेड्यासारखं वाटेल तुम्हाला."

"विचारा."

"तुमची मुलगी बरी आहे का?"

चिमणीच्या आईने लेकीकडे बघितलं. चिमणीचं डोकं मागे झटकलं, परत आलं.

"मुठी खाली येत नाहीत ना तुमच्या मुलीच्या?" चिमणीच्या आईने विचारलं.

पलीकडे बराच वेळ नुसता रडण्याचा आवाज आला. काटेसाहेब जवळ येऊन उभे राहिले होते, त्यांनाही ऐकू येत होता.

"पोटची पोर आहे हो," ती बाई म्हणाली. "बघवत नाही. डावा डोळा पूर्ण मिटलाय तिचा, त्या बाजूचं काही दिसत नाही. तुमच्या मुलीला सांगा ना, थोडा वेळ हात खाली घे म्हणावं. मी माझ्या मुलीला सांगते. दोघी थांबल्या तर… ताई, आपण दोघी आया आहोत. ऐकताय ना?"

"ऐकतेय," चिमणीची आई म्हणाली. "सांगते हं तिला."

तिने फोन ठेवला. काटेसाहेबांच्या छातीवरचं ओझं चार दिवसांत पहिल्यांदा उतरलं. त्यांना वाटलं, सुटलो. माणसाचं माणसाला कळतं शेवटी.

तीन मिनिटं संपली. चिमणी मागे रेलली, तिने तोंड उघडलं. आईने नळी लावली, हनुवटीवरून ओघळलेलं पाणी ओढणीच्या टोकाने टिपलं, कपाळावर चिकटलेले केस मागे सारले. मग ती लेकीच्या कानाशी वाकली. तिचा आवाज शांत होता, लहानपणी निजवताना असायचा तसा.

"तिला डाव्या डोळ्याने दिसत नाही," आई म्हणाली. "उजवा ठोसा टाक."